गल्लीतली शेगडी

वेंडेल ओडेगार्डची गॅसची शेगडी पेटली की सातव्या रस्त्यामागच्या गल्लीत कुणाला सांगावं लागायचं नाही. तिचा आवाजच तसा होता. निळी ज्वाळा हंड्याच्या बुडाला भिडली की एखादा जुना ट्रक चढावर अडकून पडावा तशी घरघर सुरू व्हायची, आणि ती चार-सहा घरांच्या स्वयंपाकघरांत सहज पोचायची. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास. सलग बावीस वर्षं.

वेंडेल शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. घरी बिअर करायचा नाद त्याला पंचेचाळिशीत लागला आणि तो त्याने इंजिन उघडावं तसा हातात घेतला, सगळे भाग मांडून, एकेक पुसून. गॅरेजचं शटर वर केलेलं, मधोमध शेगडी, तिच्यावर पंधरा गॅलनचा हंडा, हंड्यात भिजत पडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेले सातू. अमेरिकेच्या उत्तर सीमेजवळच्या डुलूथ शहराच्या उतारावर सरोवराकडून जे वारं येतं त्यात जानेवारीत नाकातले केस गोठतात. अशा दिवसांत गल्लीत उघड्यावर ऊब मिळायची ती याच एका जागी.

म्हणून माणसं यायची. मर्ल स्तानिच सगळ्यात आधी, स्वतःची घडीची खुर्ची बगलेत मारून. मर्ल आयुष्यभर खनिजाच्या धक्क्यावर बोटी भरत होता. त्या कामाने त्याचे कान गेले होते, आणि मागाहून गुडघेही. त्याच्याकडे थर्मामीटरचं काम होतं. हंडा उचलायचं काम गल्लीतल्याच लॅरीचं आणि त्याच्या मेहुण्याचं. समोरच्या घरातली डोरीन हेगडाल काहीच करायची नाही, कोटाच्या खिशात हात घालून उभी राहायची. तिने अडतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती आणि सुट्टीच्या दिवशी हंड्याला हात लावायचा नाही असा तिचा नियम होता. वेंडेलची बायको जॉइस घरातून खजुराच्या वड्या आणि कॉफी पाठवायची. जॉइस गेल्यावर वड्या बंद झाल्या. माणसं येत राहिली. चार वर्षं तोच एक शनिवार वेंडेलला महिनाभर पुरायचा.

त्या जानेवारीत पहिल्या शनिवारी थंडी उणे चोवीसवर गेली होती आणि वारा थेट गॅरेजमध्ये घुसत होता. अकरा वाजले तरी कुणी आलं नव्हतं. ज्वाळा वाऱ्याने फडफडत होती, माल्टचा काढा काही केल्या उकळेना. वेंडेलने शटर खाली ओढलं, जमिनीपासून हातभर फट ठेवून. तेवढी हवा पुरेल असं त्याला वाटलं. थोड्या वेळाने त्याचं डोकं दुखायला लागलं. थंडीनेच दुखतंय असं समजून तो माल्टच्या उलट्या बादलीवर जरा टेकला. पुढचं त्याला आठवत नव्हतं.

डोरीन कचरा टाकायला बाहेर आली होती. शटरच्या फटीतून तपकिरी फेस गल्लीत वाहत येऊन बर्फावर गोठत होता. बावीस वर्षांत वेंडेलचा हंडा कधी उतू गेलेला तिने पाहिला नव्हता. तिने शटर वर ढकललं, आधी गॅसची चावी फिरवली, मग आपल्या दुप्पट वजनाच्या माणसाला कॉलरला धरून बाहेर बर्फात ओढत आणलं.

कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अंगात भिनल्याने दोन दिवस त्याला हॉस्पिटलात ऑक्सिजनवर ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं गेली असती तर काही करता आलं नसतं. फीनिक्सहून लीअन आली, त्याची एकुलती मुलगी. चार दिवस राहिली. तिने फ्रिज आवरला, आईचे राहिलेले कपडे पेट्यांत भरले, आणि तिसऱ्या दिवशी जेवताना विषय काढला.

"बाबा, तू बिअर सोड असं मी म्हणत नाही."

"मग?"

"गॅस सोड. विजेवर कर. लोक करतात, मी सगळं वाचून काढलंय. तळघरात करता येतं, धूर नाही, ज्वाळा नाही. मला फोन येईल तेव्हा तो तुझा यावा, त्या डोरीनचा नको."

वेंडेलने मान डोलावली. गॅरेजमध्ये पुन्हा शेगडी पेटवणार नाही असा शब्द त्याने तिला दिला. लीअनने परत जाण्याआधीच सगळं सामान मागवून ठेवलं: बुडाशी कॉइल असलेला स्टीलचा हंडा, काढा फिरवत ठेवणारा छोटा पंप आणि आकडे दाखवणारा काळा डबा.

फेब्रुवारीत वायरमन येऊन कपडे धुवायच्या यंत्राशेजारी एक जाड पिन लागणारा मोठा प्लग बसवून गेला, आणि वाफ बाहेर काढायला तळघराच्या खिडकीत पंखा. जाताना त्याने एकच गोष्ट दोनदा सांगितली, की कॉइल पाण्यात पूर्ण बुडल्याशिवाय बटण दाबायचं नाही. कोरडी तापली की दोन मिनिटांत जळून जाते. वेंडेलला हे आवडलं. यंत्राबद्दल नेमकं बोलणारा माणूस त्याला नेहमीच आवडायचा. त्याने माहितीपुस्तिका तीनदा वाचली.

मार्चच्या पहिल्या शनिवारी त्याने तळघरात पहिला हंडा लावला. एकशे बावन्न अंश फॅरनहाइट असं डब्यावर ठरवलं, बटण दाबलं आणि वाट बघत उभा राहिला. काही झालं नाही, म्हणजे काही ऐकू आलं नाही. पंप मांजरासारखा गुरगुरत होता, तोही जवळ गेलं तरच. वीस मिनिटांत आकडा एकशे बावन्नवर आला आणि तिथेच राहिला.

गॅसवर असं कधी होत नसे. वारा आला की ज्वाळा वाढवा, आकडा चढला की कमी करा, हंड्याला जुनी गोधडी गुंडाळा, मर्लने चष्मा न लावता वाचलेला आकडा पुन्हा एकदा वाचा. तासाभरात चार माणसांना पुरेल एवढं काम निघायचं. आता हंडा उचलायला लॅरी नको होता, थर्मामीटरला मर्ल नको होता. खरं पाहिलं तर वेंडेलही नसता तरी एक तास निघाला असता.

मर्लला त्याने मुद्दाम फोन करून बोलावलं होतं. मर्ल कठड्याला धरून तेरा पायऱ्या उतरला, शेवटच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ डब्याकडे बघत राहिला.

"यात बघायचं काय?" त्याने विचारलं.

"तो आकडा."

"बदलत नाही तो."

"तेच तर चांगलंय."

"माझी बायको कॉफीचं यंत्र लावायची तेव्हा मी शेजारी खुर्ची टाकून बसायचो नाही," मर्ल म्हणाला. अर्ध्या तासाने गुडघ्यांचं कारण सांगून तो वर गेला. जाताना त्याने वेंडेलच्या खांद्यावर थाप मारली. त्यात वाईट काही नव्हतं.

एप्रिलमध्ये डोरीन एकदा डोकावून गेली. वास छान येतोय म्हणाली. लॅरीने पुढच्या वेळी नक्की येतो असं सांगितलं. मे महिन्यात कुणी आलं नाही. कुणाचं कुणाशी बिनसलं नव्हतं. आवाज आला की माणसं बाहेर पडायची. आता आवाज येत नव्हता. तळघरात उतरायचं तर मागच्या दाराने कुणाच्यातरी घरात शिरायचं, स्वयंपाकघरातून जायचं, बूट काढायचे. तेवढं करायला काहीतरी काम असावं लागतं.

आणि बिअर मात्र अशी उतरत होती की विचारू नये. बावीस वर्षं जी चव त्याच्या हातून निसटत होती, ती आता प्रत्येक वेळी जशीच्या तशी यायची. ब्राउन एल, म्हणजे त्याची नेहमीची तपकिरी बिअर, काचेच्या ग्लासात ओतली की खिडकीतल्या उजेडात चहासारखी स्वच्छ दिसायची. वेंडेल एक ग्लास पिऊन बघायचा, बरोबर झालीय असं मनाशी म्हणायचा आणि ग्लास धुऊन पालथा घालायचा. उरलेल्या बाटल्या तो शेजाऱ्यांच्या पायऱ्यांवर ठेवून यायचा. आठवड्याने रिकाम्या बाटल्या त्याच्या पायरीवर परत यायच्या, विसळलेल्या, खोक्यात नीट रचलेल्या. एकदा सोबत चिठ्ठी होती: मस्त होती, आभार. कुणी लिहिलीय ते अक्षरावरून त्याला ओळखता आलं नाही.

लीअन रविवारी फोन करायची. कसं चाललंय, असं विचारायची. तो सांगायचा की एका अंशाचासुद्धा फरक पडत नाही. तिला बरं वाटायचं. तिच्या आवाजातलं ते बरं वाटणं ऐकलं की तो पुढचं काही बोलायचा नाही.

सप्टेंबरात एका शुक्रवारी दुकानात काउंटरवरच्या बाईने त्याला पिशवी हवी का असं विचारलं आणि उत्तर देताना त्याचा आवाजच फुटेना. घसा खाकरून त्याने हो म्हटलं. गाडीत बसल्यावर त्याने आठवून पाहिलं. रविवारच्या फोननंतर तो कुणाशी एक शब्द बोलला नव्हता.

ऑक्टोबरात त्याच दुकानात मर्ल भेटला. "बंद केलंस ना रे ते बिअरचं?" मर्ल म्हणाला. "बरं केलंस. या वयात जीव मोठा."

मागच्याच आठवड्यात वेंडेलने मर्लच्या पायरीवर तीन बाटल्या ठेवल्या होत्या. मर्लला त्या जुन्या साठ्यातल्या वाटल्या होत्या. वेंडेलने त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मर्ल म्हणाला असता, हो का, आणि दोघं आपापल्या गाडीकडे गेले असते.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी वेंडेल सकाळी लवकर उठला. आदल्याच दिवशी त्याने तळघरात एक हंडा बिअर करून ती आंबायला लावली होती. फळीवर चाळीसच्या वर बाटल्या भरलेल्या होत्या. त्याला आणखी बिअर नको होती, माल्टही शिल्लक नव्हतं. तरी तो पेट्रोल पंपावर जाऊन गॅसची टाकी घेऊन आला. गॅरेजच्या कोपऱ्यातली शेगडी ताडपत्रीखालून काढली, नळीला साबणाचं पाणी लावून फुगे येतात का ते पाहिलं. मग शेगडी गॅरेजच्या बाहेर, चांगली सात-आठ पावलं गल्लीत आणून मांडली. लीअनला दिलेला शब्द गॅरेजबद्दल होता, हे त्याने मनात दोनदा म्हणून घेतलं. बाहेरचा नळ थंडीसाठी बंद केलेला, म्हणून त्याने स्वयंपाकघरातून बादल्या वाहिल्या. जुना हंडा पाण्याने भरला. वास यावा म्हणून बिअरमध्ये घालतात ती हॉप्सची मूठभर सुकी फुलं खिशात ठेवली. मग पेटवली.

ती घरघर दहा महिन्यांनी कानावर पडली. हात पाठीमागे बांधून तो उभा राहिला.

पंधरा मिनिटं कुणी आलं नाही. कुत्रा घेऊन एक अनोळखी माणूस गेला, त्याने हात केला. वेंडेलला वाटलं, आता बंद करावी. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला घडीची खुर्ची दिसली, तिच्या मागे मर्ल.

"सोडलंस असं मला कोण म्हणालं?" मर्ल लांबूनच ओरडला.

"तूच म्हणालास."

"मला काय कळतंय. थर्मामीटर कुठाय?"

वेंडेलने थर्मामीटर आणलंच नव्हतं. तो घरात धावला, अक्षरशः धावला. परत आला तेव्हा लॅरी आणि मेहुणा शेगडीपाशी हात शेकत होते, आणि लॅरीने हरणाच्या मांसाचं सॉसेज कापायला घेतलं होतं. वेंडेलने फळीवरच्या बाटल्या आणल्या. पुढच्या आठवड्यात शिकारीचा हंगाम सुरू होणार होता, त्यावर बोलणं झालं. या वर्षी सरोवर उशिरा गोठेल, बोटी उशिरापर्यंत चालतील यावर झालं. लॅरीच्या मेहुण्याने आपल्या जावयाची नक्कल केली आणि वेंडेल इतका हसला की त्याला खोकला आला. मर्लने वाफेत हात घालून थर्मामीटर बुडवलं, चष्म्याशिवाय वाचलं आणि जाहीर केलं, "दोनशे बारा. उकळलं. टाक हॉप्स."

वेंडेलने खिशातले हॉप्स टाकले. थंडीत वाफ इतकी दाट उठत होती की हंड्यात काय आहे ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. चांगली बाटली हातात असताना कुणी बघतही नव्हतं.

डोरीन सगळ्यांत शेवटी आली. तिच्या खिडकीचा पडदा हललेला वेंडेलने आधीच पाहिला होता. ती शेगडीपासून लांबच उभी राहिली, बाटली नको म्हणाली. बारा वाजता मर्लने खुर्ची मिटली, लॅरी आणि मेहुणा सॉसेजचा कागद गुंडाळून निघाले. डोरीन तिथेच होती. सगळे वळणाआड गेल्यावर ती पुढे आली.

"काय करतोयस आज?"

"ब्राउन एल."

तिने हंड्यातला मोठा डाव उचलला, भरला आणि उंचावरून परत ओतला. स्वच्छ पाण्यात दोन-चार हिरवी फुलं फिरली.

"अडतीस वर्षं मी मुलांसाठी सूप केलंय, वेंडेल," ती म्हणाली. "पाणी ओळखते मी."

त्याने वाकून चावी फिरवली. घरघर थांबली. तो म्हणाला, "उघड्यावर आहे. उघड्यावर काही धोका नसतो."

"धोक्याचं कोण बोलतंय? ती ज्वाळा खिडकीतून दिसली आणि मी पडदा ओढून घेतला. त्या दिवशी तू कसा दिसत होतास ते तू नाही पाहिलंस. गाल लाल झालेले, छान झोप लागल्यासारखा. मी अजून रोज बघते ते." ती थांबली. "माणसं हवी होती तर दार वाजवायचंस."

"दार वाजवून म्हणायचं काय?"

डोरीनचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि तिनेही कधी कुणाचं दार वाजवलं नव्हतं. ती डाव हंड्याच्या कडेला ठेवून आपल्या घरी गेली.

तिने कुणाला सांगितलं नाही. डिसेंबरात आणि जानेवारीत वेंडेलने पुन्हा पाणी उकळलं, आणि दोन्ही वेळा डोरीन आली. आता ती हंड्याच्या अगदी जवळ उभी राहायची. कुणी फार पुढे आलं की सहज मध्ये सरकायची. तिची ही पहारेदारी वेंडेलला दिसत होती. तिच्याबद्दल त्याला कृतज्ञता वाटायची आणि लाजही. ते दोन तास बरे जायचे. मग सगळे गेल्यावर तो बादल्यांनी पाणी आपल्याच अंगणात नेऊन ओतायचा आणि त्या फेऱ्यांत त्याला पूर्वीपेक्षा जास्त एकटं वाटायचं. तळघरात निदान खोटं काही चालत नव्हतं.

फेब्रुवारीत मर्ल स्वतःच्या पायरीवरच घसरून पडला. हाड मोडलं नाही, पण मुलाने येऊन त्याला फार्गोला नेलं आणि परत पाठवण्याचं नाव काढलं नाही. लॅरी शनिवारचंही काम करू लागला. त्याच्याशिवाय मेहुणा येत नसे. मार्चच्या पहिल्या शनिवारी शेगडीपाशी वेंडेल आणि डोरीन दोघंच होते. बर्फ मळकट झालं होतं. तासभर घरघर चालली. त्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागायचं, आणि दोन माणसं एकमेकांवर ओरडत बसत नाहीत.

शेवटी डोरीनने हाताने खूण केली, बंद कर. त्याने केली.

"खाली काय चाललंय?" तिने विचारलं.

"खाली खरी होतेय. माल्ट भिजतंय."

"मग आपण इथे का उभे आहोत?"

तिने मागच्या दाराशी बूट काढले आणि त्याच्या मागोमाग तळघरात उतरली. खाली ऊब होती. भाजलेल्या सातूचा गोड वास भरला होता. तिने कोट काढून कपडे धुवायच्या यंत्रावर ठेवला, एक स्टूल ओढून घेतलं आणि आकड्याकडे बघून विचारलं, एकशे बावन्नच का. वर्षभरात हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याने सांगितलं, की त्याच्या वर गेलं तर बिअर जड आणि गोड होते, खाली आलं तर पातळ, कोरडी. ती लक्ष देऊन ऐकत होती. शाळेत सातूचं सूप करताना दाणे केव्हा फुटायचे तेही तिने सांगितलं. मग आवाज न चढवता ती म्हणाली, "मी घर विकायला काढतेय. मे महिन्यात बिस्मार्कला जाईन, बहिणीकडे."

वेंडेल पंपाकडे बघत होता. "कधी ठरवलंस?"

"नाताळात. जानेवारीत सांगणार होते, त्या शनिवारी. पण ती शेगडी चालू होती. ओरडून सांगायची गोष्ट नव्हती ती."

नको जाऊस, असं म्हणावं असं त्याला वाटलं. पण म्हणायचा हक्क कुठून आणायचा? बावीस वर्षं ती त्याच्या शेगडीपाशी उभी राहिली होती आणि एकदा तिने त्याला मरणातून ओढून काढलं होतं, आणि तिच्या स्वयंपाकघरात टेबल कुठे आहे हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं.

"बिस्मार्कला वारा फार असतो," तो म्हणाला.

"इथे काय कमी आहे?"

डबा टुंटुं वाजला. भिजण्याची वेळ संपली होती. त्याने उठून माल्टची जाळी वर उचलली. काढा निथळेपर्यंत ती थांबली, मग उकळेपर्यंत थांबली, आणि शेवटच्या हॉप्सपर्यंतही.

एप्रिलमध्येही ती तळघरात आली. शेगडी पेटवायचा विषय दोघांनीही काढला नाही; वेंडेलने ती लॅरीला मासे तळायला देऊन टाकली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात डोरीनचं सामान गेलं आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतः. वेंडेलने बारा बाटल्या टॉवेलांत गुंडाळून तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवल्या आणि उन्हात ठेवू नकोस असं सांगितलं. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला, क्षणभरच. गाडी गल्लीच्या टोकाला वळली तरी तो उभा होता. मग गॅरेज झाडायला घेतलं. ते आधीच झाडलेलं होतं.

तिच्या घरात एक तरुण जोडपं आलं. दोघंही कामाला जायचे. गाडी गल्लीत शिरली की गॅरेजचं दार आपोआप वर जायचं आणि गाडी आत गेली की आपोआप खाली यायचं. वेंडेल हात करायचा. कधी त्यांना दिसायचा, कधी नाही.

जुलैच्या पहिल्या शनिवारी तो माल्ट ओतत असताना फोन वाजला. आज शनिवार, लीअनचा वार नाही, म्हणून त्याने माल्टची पिशवी तशीच टाकून फोन उचलला. पण फोन डोरीनचा होता.

"पहिला शनिवार ना आज?"

"हो."

"चालू आहे ना? मला काही ऐकू येत नाही."

"चालू आहे. एकशे बावन्न."

"बरं. तुझं चालू दे. बहीण चर्चच्या बाजाराला गेलीय, मी मटार सोलतेय."

त्याने फोन फळीवर यीस्टच्या डब्याला टेकवून ठेवला आणि आवाज मोठा केला. बोलायला फारसं काही नव्हतं. बहीण टीव्ही फार लावते. मर्लचं वेंडेलला एक पत्र आलं होतं, त्यात वेंडेल, डोरीन आणि लॅरी तिघांचीही नावं चुकीची लिहिली होती. मग पाच-पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही. शेंगा फुटल्याचा आवाज यायचा, मटार पातेल्यात पडल्याचा. एकदा तिने नळ सोडला आणि परत आली. सव्वा तासाने बहिणीची गाडी आली, तेव्हा तिने ठेवते म्हटलं.

ऑगस्टमध्ये फोन आला नाही. वेंडेल फळीकडे बघत राहिला आणि त्या नादात काढा उतू गेला. दुपारी त्याने आपणहून नंबर फिरवला. बहिणीने उचलला आणि डोरीन दातांच्या डॉक्टरकडे गेलीय म्हणाली. कोण बोलतंय असं तिने विचारलं. त्याने आपलं नाव सांगितलं. बहिणीला ते ठाऊक नव्हतं.

सप्टेंबरात मात्र दहाच्या ठोक्याला फोन वाजला. दाताबद्दल डोरीनने बरंच सांगितलं. तिच्याकडच्या बाटल्यांतल्या दोन उरल्या होत्या, त्या ती राखून ठेवत होती. थंडी सुरू झालीय का, असं तिने विचारलं. रात्री पडते, तो म्हणाला. आज काय करतोयस, असं विचारलं तेव्हा त्याने ब्राउन एल म्हणून सांगितलं, आणि ती जरा हसली.

फोन बंद झाल्यावर त्याने बिअर थंड करून पिंपात काढली, यीस्ट टाकलं, झाकण लावलं. हंडा धुवायला घेतला. कॉइलवर काढ्याचा तपकिरी थर बसतो तो घासून निघत नाही. व्हिनेगरचं पाणी भरून अर्धा तास तसंच ठेवावं लागतं. त्याने पाणी भरलं आणि शेजारच्या स्टुलावर बसून राहिला.